मोबाइलची स्क्रीन किती बारीक हवी? पैसे मोजण्याआधी घरीच तपासा

मोबाइल घ्यायला गेलं की दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगून झाल्यावर स्क्रीनकडे वळतो. एचडी प्लस, फुल एचडी प्लस, क्वाड एचडी प्लस. नाव लांबत जातं तशी किंमतही वाढत जाते. हा वाढीव बारीकपणा डोळ्यांना दिसतो का, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगणार तरी कसं? तुम्ही फोन किती लांब धरता, चष्मा लावता की काढून वाचता, आणि स्क्रीनवर वाचता काय, यावर ते ठरतं.

माझं मत आधीच देऊन टाकतो. एचडी प्लसवरून फुल एचडी प्लसवर गेलात तर फरक दिसतो, आणि मराठी वाचणाऱ्याला जरा जास्तच दिसतो. त्यापुढे क्वाड एचडी प्लससाठी वेगळे पैसे मोजणं बहुतेकांच्या बाबतीत वाया जातं. ‘बहुतेकांच्या’ यात तुम्ही येता का, हे खालच्या क्रमाने गेलात तर अर्ध्या तासात कळेल. टेलरची टेप, कॅलक्युलेटर आणि घरातलं एक माणूस, एवढं पुरे.

१. खोक्यावरचे आकडे पीपीआयमध्ये बदला

रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती ठिपके आहेत, ती संख्या. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. पण तेवढेच पिक्सेल लहान स्क्रीनवर दाटीने बसतात आणि मोठ्या स्क्रीनवर विरळ होतात, म्हणून नुसत्या रिझोल्यूशनवरून काही कळत नाही. बघायचं ते एका इंचात किती पिक्सेल बसले ते, म्हणजेच पीपीआय.

काढायचं कसं? शाळेतला पायथागोरस आठवा. रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले स्क्रीनचे इंच. आजकाल सर्रास मिळणारा ६.७ इंची फोन धरू. एचडी प्लस म्हणजे साधारण ७२० × १६००, त्याचे येतात २६२ पीपीआय. फुल एचडी प्लस, १०८० × २४००, त्याचे ३९३. क्वाड एचडी प्लस, १४४० × ३२००, त्याचे ५२४.

इथे नवखा माणूस हमखास फसतो तो ‘प्लस’ला. एचडी प्लस म्हणजे एचडीपेक्षा काहीतरी भारी, असं वाटतं. तसं काही नाही. फोन लांबट झाले, ७२० × १२८० चे ७२० × १६०० झाले, तेवढाच तो प्लस. रुंदीचे पिक्सेल होते तेवढेच आहेत. जाहिरातीत नुसतं ‘एचडी प्लस डिस्प्ले’ लिहिलंय आणि आकडा कुठेच नाही, तर ७२० समजून चाला.

२. फोन खरंच किती लांब धरता ते मोजा

हे स्वतः मोजू नका. टेप हातात आली की माणूस फोटो काढायला बसल्यासारखा ताठ होतो. तुम्ही रमून काहीतरी वाचत असताना घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेप लावायला सांगा. एकदा खुर्चीत बसलेले असताना आणि एकदा रात्री अंथरुणात आडवे असताना.

बसून वाचताना ३० ते ३५ सेंटीमीटर येईल असं धरा. आडवं पडल्यावर फोन २०-२५ पर्यंत जवळ येतो. चाळिशी लागली आहे पण चष्मा लावायचा कंटाळा आहे, अशी मंडळी हात लांब करून ४५ पर्यंत नेतात.

३. तुमच्या अंतराला किती पीपीआय पुरतात?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो, तो हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केला. नजर ‘६/६’ आहे म्हणतात, त्याचा हिशेब असा की एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी फट त्या डोळ्याला वेगळी दिसते. पिक्सेल त्याहून लहान झाले की ६/६ नजरेला ते सुटे ओळखता येत नाहीत. हे गणित सोडवलं की घरगुती सूत्र मिळतं: ८७३० भागिले अंतर सेंटीमीटरमध्ये. येईल तो आकडा म्हणजे तुम्हाला पुरणारे पीपीआय.

३५ सेंटीमीटरला २४९. तीसला २९१. पंचविसाला ३४९. विसाला ४३६. आणि हात लांब करणाऱ्या काकांना, ४५ सेंटीमीटरला, फक्त १९४.

आता पहिल्या पायरीचे आकडे शेजारी ठेवा. एचडी प्लसचे २६२ हे बसून वाचणाऱ्याला काठावर पास होतात आणि आडवं पडून वाचणाऱ्याला नापास. फुल एचडी प्लसचे ३९३ जवळजवळ सगळ्यांना पुरतात.

याच हिशेबावर २०१० मध्ये मोठा वाद झाला होता. आयफोन ४ आला, साडेतीन इंचांत ६४० × ९६०, म्हणजे ३२६ पीपीआय. स्टीव्ह जॉब्स यांनी त्याला ‘रेटिना डिस्प्ले’ म्हटलं आणि सांगितलं की दहा-बारा इंचांवर धरलेल्या वस्तूसाठी ३०० पीपीआयच्या आसपास डोळ्याची मर्यादा येते. डिस्प्ले तपासण्यात हयात घालवलेले रेमंड सोनेरा यांनी हरकत घेतली: डोळ्याची खरी क्षमता याहून जास्त आहे, बारा इंचांवर ४७७ हवेत. दोघांचंही गणित बरोबर होतं. जॉब्स यांनी ६/६ची नजर धरली, सोनेरांनी अगदी उत्तम नजर धरली. तरुणांमध्ये ६/६ हून चांगली नजर असलेले पुष्कळ असतात, त्यांनी सूत्रातला आकडा दीडपट करून घ्यावा. तीस सेंटीमीटरला मग २९१ चे ४३७ होतात.

एक गट असा आहे की ज्याचा कुठल्याच जाहिरातीत उल्लेख नसतो, तो म्हणजे मायनस नंबरवाले. मायनस पाचचा माणूस चष्मा काढून झोपला की त्याला स्पष्ट दिसतं ते वीस सेंटीमीटरपर्यंतच. तो फोन नाकाशी आणतो आणि सगळ्यांपेक्षा बारीक बघतो. क्वाड एचडी प्लसचा फायदा खरोखर कुणाला होत असेल तर या मंडळींना, रात्री अकरानंतर.

४. मराठी मजकुरावर तपासा

फोटो आणि व्हिडिओवर रिझोल्यूशनचा फरक शोधू नका. तिथे रंग एकमेकांत मिसळत जातात, कडा मुळातच मऊ असतात. फरक उघडा पडतो तो पांढऱ्यावर काळ्या बारीक अक्षरात, आणि देवनागरी तर याची कडक परीक्षाच घेते. रोमन अक्षर बहुतेक एका पट्ट्यात मावतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. फाँटचा आकार सारखाच ठेवला तरी मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते.

सातबाराची किंवा मतदार यादीची पीडीएफ उघडा आणि पूर्ण पान स्क्रीनच्या रुंदीत बसवा. मूळ कागद ए-फोर, म्हणजे २१ सेंटीमीटर रुंद. तुमची ६.७ इंची स्क्रीन सातच सेंटीमीटर रुंद. सगळं एक तृतीयांश झालं. कागदावर दहा पॉइंटचं अक्षर असेल तर एचडी प्लसवर त्याला मात्रा-उकारासकट उंचीत बाराच पिक्सेल मिळतात. मात्रा वर, उकार खाली, मधल्या अक्षराला उरले जेमतेम सहा. आता ‘ध’ आणि ‘घ’ बघा. दोघांत फरक काय, तर शिरोरेषेतली छोटीशी फट. सहा पिक्सेलच्या अक्षरात ती फट एका पिक्सेलची, तीही करड्या रंगात पुसट झालेली. ‘भ’ आणि ‘म’चं तेच. ‘द्ध’ आहे की ‘द्व’ हे तर संदर्भावरूनच ओळखायचं. आडनाव ‘घाटे’ की ‘धाटे’, यावर जमिनीचा व्यवहार अवलंबून असेल तर संदर्भ तरी कुठून आणणार?

फुल एचडी प्लसवर याच अक्षराला अठरा पिक्सेल मिळतात, म्हणजे मधल्या भागाला नऊ, आणि फट नीट दिसू लागते. क्वाड एचडी प्लसवर चोवीस. पण एवढं लहान अक्षर तीस सेंटीमीटरवरून बघताना डोळाच दमलेला असतो. अक्षराचा मधला भाग उरतो अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर, स्नेलेनच्या तक्त्यातल्या ६/६च्या ओळीहून जेमतेम मोठा. पिक्सेल वाढले तरी डोळ्याला ते वापरता येत नाहीत.

दोन बोटांनी मोठं करा की हा सगळा प्रश्न मिटतो, हेही खरं. सातबारा वर्षातून दोनदा उघडत असाल तर त्यासाठी महाग फोन घेऊ नका. पण रोज फोनवर ई-पेपरचं पूर्ण पान वाचणाऱ्याने किंवा एक्सेलची शीट बघणाऱ्याने ७२० च्या वाटेला जाऊ नये.

घरातल्या फोनवर आत्ता तपासायचं असेल तर नोट्समध्ये ‘राष्ट्र, उद्ध्वस्त, दऱ्याखोऱ्या, घाट, धाक, भट, मठ’ असं लिहा, फाँट सगळ्यात लहान करा आणि तुमच्या नेहमीच्या अंतरावरून वाचा. मग दुसऱ्या फोनवर तेच करा. अक्षरांची उंची दोन्हीकडे साधारण सारखी दिसते आहे ना, ते बघून घ्या, नाहीतर तुलना फाँटची होईल आणि तुम्हाला वाटेल स्क्रीनची झाली.

५. ओएलईडी असेल तर पिक्सेलच्या आत डोकवा

बोट ओलं करून स्क्रीनवर मोहरीएवढा पाण्याचा थेंब ठेवा आणि पांढरं पान उघडा. थेंब भिंगाचं काम करतो. घड्याळजीकडचं भिंग मिळालं तर उत्तमच. स्क्रीन दोन जातींच्या: मागच्या दिव्यावर चालणारी एलसीडी, आणि प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी ओएलईडी (अमोलेड हा तिचाच प्रकार). एलसीडी असेल तर प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी दिसतील. ओएलईडी किंवा अमोलेड असेल तर बहुधा वेगळंच चित्र दिसेल: हिरवे ठिपके भरपूर, लाल आणि निळे त्यांच्या निम्मेच. या रचनेला पेंटाइल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलला तीनऐवजी दोनच रंगीत ठिपके मिळतात, उरलेला शेजारच्याकडून उसना घेतला जातो. थेंब लगेच पुसून टाका, स्पीकरच्या जाळीत जाऊ देऊ नका.

याचा अर्थ, खोक्यावरचे पीपीआय हिरव्या रंगाला लागू पडतात, लाल-निळ्याला नाही. त्यांची घनता साधारण १.४ ने भागून येते. फुल एचडी प्लसचे ३९३ तिथे २७८ होतात. डोळा बारकाई मुख्यतः उजेडातल्या फरकावरून ओळखतो आणि त्यात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा, म्हणून हे खपून जातं. पण एचडी प्लस अमोलेडमध्ये २६२ चे १८५ उरतात, आणि तिथे खपत नाही. अक्षरांच्या कडेला लालसर-हिरवट झालर दिसते, बारीक मजकूर दातेरी वाटतो. स्वस्त फोनवर ‘अमोलेड’ वाचून हुरळून जाण्याआधी त्याच्या बाजूचा आकडा बघा. ७२० असेल आणि तुम्ही वाचणारे असाल, तर त्याच किमतीतला फुल एचडी प्लस एलसीडी बरा.

६. न सांगता बदलून बघा

माझ्या मते सगळ्यात खरी परीक्षा हीच. ओळखीत कुणाकडे तरी क्वाड एचडी प्लस स्क्रीनचा सॅमसंग असेलच. त्याच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली ‘स्क्रीन रिझोल्यूशन’ असा पर्याय असतो. गंमत म्हणजे २०१७ च्या गॅलेक्सी एस ८ पासून कंपनीने असे बहुतेक फोन खोक्यातून फुल एचडी प्लसवरच लावून दिलेत. म्हणजे ज्याने मोठं रिझोल्यूशन बघून फोन घेतला आणि त्या सेटिंगला कधी हात लावला नाही, तो कमी रिझोल्यूशनवरच खूश आहे. मालकाला लगेच सांगू नका, आधी चाचणी घ्या.

मालकाने पाठ फिरवायची. तुम्ही एकतर रिझोल्यूशन बदलायचं, नाहीतर आहे तेच ठेवायचं. नाणं उडवून ठरवा म्हणजे मनाचा पॅटर्न येत नाही. मग बारीक मराठी मजकुराचं एकच पान उघडून द्यायचं आणि विचारायचं, कोणतं आहे? दहा वेळा करा. पाच-सहा बरोबर आले तर तो अंदाज होता. नऊ-दहा आले तर त्याला खरंच दिसतं. मग तुम्ही बसा आणि त्याला नाणं द्या.

या चाचणीत फुल एचडी प्लसवर थोडा अन्यायच होतो. १४४० ची स्क्रीन १०८० वर चालवली की चित्र ताणून बसवावं लागतं आणि ते किंचित मऊ होतं. मूळचीच १०८० असलेली स्क्रीन याहून स्पष्ट असते. इतकं करूनही फरक ओळखता आला नाही, तर तुमच्यापुरता निकाल लागला.

७. फोनवर येतं काय, तेही बघा

व्हॉट्सॲप फोटो आकार कमी करून पाठवतं, एचडी निवडला नाही तर. डेटा वाचवायला यूट्यूब ४८० वर ठेवलेलं असेल तर स्क्रीन कितीही बारीक असो, दिसणार ४८०च. आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट: नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर एचडी दिसायला फोनला ‘वाइडवाइन एल १’ हे प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर फुल एचडी प्लस स्क्रीनवरही चित्र साध्या दर्जाचंच येतं. ॲपच्या सेटिंग्जमध्ये प्लेबॅकची माहिती असते, तिथे बघता येतं.

गेम खेळणाऱ्यांचा हिशेब थोडा उलटा आहे. फुल एचडी प्लसला सुमारे २६ लाख पिक्सेल दर वेळी रंगवावे लागतात, एचडी प्लसला साडेअकरा लाख. प्रोसेसर बेताचा असेल तर ७२० चा फोन गेममध्ये अडखळत नाही आणि १०८० चा गरम होतो.

८. दुकानात गेल्यावर

डेमोचा व्हिडिओ बघू नका. चमकणारी फुलं आणि बर्फाचे डोंगर कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात. ब्राउझर उघडून मराठी बातमीची साइट लावा, डेस्कटॉप मोडमध्ये. अक्षरं एकदम बारीक होतील. दोन्ही फोनचा ब्राइटनेस हाताने सारखा करा, कारण जास्त उजळ स्क्रीन आपोआप जास्त स्पष्ट वाटते आणि आपण ते श्रेय रिझोल्यूशनला देऊन मोकळे होतो. फोन तुमच्या टेपने मोजलेल्या अंतरावर धरा. काउंटरवर वाकून दहा सेंटीमीटरवरून बघितलं तर फरक दिसेलच, पण घरी असं कोण बघतं?

फोन घेऊन दुकानाच्या दाराबाहेर उन्हात जाऊ देतात का विचारा. मे महिन्यात दुपारी स्टँडवर उभं राहून यूपीआयचा कोड उघडताना पीपीआय कामाला येत नाही, ब्राइटनेस येतो. क्वाड एचडीसाठी ठेवलेले पैसे तिकडे घाला. किंवा १२० हर्ट्झकडे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनकडे: स्क्रोल करताना तो फरक बहुतेकांना लगेच कळतो. २०२० च्या गॅलेक्सी एस २० ला तर दोन्ही एकदम मिळतच नव्हतं. १२० हर्ट्झ हवे तर रिझोल्यूशन फुल एचडी प्लसवर आणावं लागायचं.

कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. २०१४ मध्ये एलजी जी ३ साडेपाच इंचांत १४४० × २५६० घेऊन आला, ५३८ पीपीआय. पुढच्याच वर्षी सोनीने एक्सपीरिया झेड ५ प्रीमियममध्ये तेवढ्याच स्क्रीनवर थेट फोर-के बसवलं, ८०६ पीपीआय. त्यातही फोटो-व्हिडिओ सोडले तर बाकी फोन फुल एचडीवरच चालायचा. २०१९ च्या एक्सपीरिया १ पासून सोनीने पुन्हा फोर-केचा हट्ट धरला आणि २०२४ मध्ये एक्सपीरिया १ मार्क ६ ला तो सोडून फुल एचडी प्लसवर आली. पाचशेच्या वरचे पीपीआय हमखास लागतात ते एकाच ठिकाणी: फोन गॉगलमध्ये घालून भिंगातून व्हीआर, म्हणजे चहूबाजूंनी दिसणारं आभासी दृश्य, बघताना. तिथे सुटे पिक्सेल कुणालाही दिसतात. पण पुठ्ठ्याच्या त्या गॉगलची हौस आता कुणाला राहिली आहे?

९. घेतलेला बारीकपणा घालवू नका

उन्हात चमकू नये म्हणून मॅट गार्ड लावतात. त्याचा खरखरीत पृष्ठभाग पिक्सेलचा उजेड इकडेतिकडे फेकतो आणि पांढऱ्या पानावर रवाळ चमक येते. तीनशे रुपयांच्या गार्डने फुल एचडी प्लसचा एचडी प्लस होऊ शकतो. वाचन जास्त असेल तर साधी गुळगुळीत काच लावा.

फोन पडला, स्क्रीन फुटली, तर रिपेअरवाला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’, म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन, बदलायचे दोन-तीन भाव सांगेल. सगळ्यात स्वस्त असतो तो कॉपी माल. ओएलईडीच्या जागी एलसीडी बसू शकते, आणि काही कॉपी डिस्प्लेंचं रिझोल्यूशनही मूळपेक्षा कमी असतं. सेटिंग्जमध्ये मात्र जुनाच आकडा दिसत राहू शकतो, त्यावर जाऊ नका. पैसे देण्याआधी तिथेच ‘घाट’ आणि ‘धाक’ बारीक फाँटमध्ये लावून बघा, पाण्याच्या थेंबाने पट्ट्या आहेत की ठिपके ते तपासा, आणि कोणत्या प्रकारचा डिस्प्ले घातला ते बिलावर लिहून घ्या.